कडेवरून उतरवलेली

"उतर खाली, पायानं चाल," असं मावशी एखाद्या लेकराला म्हणाल्या, की आम्ही ओळखायचो, याचा पासपोर्ट आला.

आमच्या वर्ध्याच्या शिशुगृहात त्या लेकरांच्या मावशी, म्हणून आमच्याही मावशी. पुलगावहून रोज सकाळच्या गाडीनं यायच्या. एरवी कडेवर कोणीतरी असायचंच. पण परदेशात दत्तक जाणाऱ्या लेकराचे जायचे दिवस जवळ आले, की त्या त्याला उचलायचं बंद करायच्या. रडून आकांत केला तरी नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, "मावशी, इतकं काय दगड व्हायचं?"

"मॅडम, सवय इथं नाई मोडली तं विमानात मोडन. तिथं कोण हाय त्याले?"

मी आपली फाइल उघडली.

परदेशी दत्तकाचं काम म्हणजे नुसती वाट पाहणं. इकडची परवानगी, तिकडची परवानगी, मग व्हिसा. एक कागद हाती येईस्तोवर दुसऱ्याची मुदत संपलेली. मी तर आता चिडायचंही सोडून दिलंय.

रेवा तीन वर्षांची होती. तिचं सगळं पार पडलं, नवे आईवडील न्यायला येणार होते. मावशींनी तिला कडेवरून उतरवलं. पोरगी पदर धरून रड रड रडली आणि मग थांबली. नेमकं तेव्हाच सीमेवर काहीतरी पेटलं. तिकडच्या सरकारनं आपल्या लोकांना बजावलं, सध्या भारतात जाऊ नका.

"काऊन जी? वर्ध्यात काय होऊन राह्यलं?" मावशींनी विचारलं.

"ऊन तापून राह्यलं, दुसरं काय," मी म्हटलं. कोणी हसलं नाही.

महिने गेले. मावशी हात पुढे करायच्या, "ये वं माय, चुकलं माह्यं." रेवा बघायची आणि भिंतीशी जाऊन बसायची. फक्त त्यांच्याकडेच असं नाही, ती कोणाच्याच कडेवर जाईना. उचललं की अंग ताठ. मावशी घरून गूळपोळीचा मलिदा आणायच्या. ती खायची, तोंड पुसायची, चालू पडायची.

"माह्यी सवय मोडाले गेली जी मी, अन् पोरीची मायाच मोडली," मावशी म्हणायच्या. "आता आईजवळ तरी जाईल का थे?" त्यांचा डबा तसाच परत जायचा. पाहवत नव्हतं.

शेवटी ते दोघं आले. रेवा त्यांचं बोट धरून गाडीत बसली. त्या नव्या आईनं उचलायला हात पुढे केले, तर ही मागे सरकली. ते मावशींनी पाहिलं. त्याच आठवड्यात त्यांनी काम सोडलं. "लेकरं उचलाची हिंमत नाई राह्यली," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या जागी आलेली बाई चांगली आहे. तरी सकाळी दार वाजलं की माझी मान अजून वर होते.

परवा रेवाच्या घरी व्हिडिओ कॉल झाला. तो संपल्यावर मी मावशींना फोन लावला. तब्येत, शाळा, थंडीचे कपडे, सांगत सुटले. त्यांनी मधेच तोडलं.

"थे राहू द्या, मॅडम. आईच्या कडेवर जाते का?"

"जाते, मावशी. अख्खा वेळ उतरलीच नाही."

पलीकडे त्या ओक्साबोक्शी रडायला लागल्या. इतकी लेकरं त्यांनी दारातून पाठवली, पण त्यांचं रडणं मी पहिल्यांदाच ऐकत होते.