बरी दिसणारी पोरं

गोपी डॉक्टर मुलाच्या कानात बघण्याआधी त्याच्या मागे जाऊन उभे राहायचे. एका कानावर स्वतःचा तळहात दाबून धरायचे आणि दुसऱ्या कानाशी अगदी हळू विचारायचे, "लिमलेट कोणाला पाहिजे?" मग बाजू बदलायचे. मूल वळलं की गोळी हातावर. नाही वळलं तरी गोळी मिळायचीच, पण मग डॉक्टर कपाळावरचा आरसा डोळ्यावर ओढायचे आणि आईला सांगायचे, "बसा बाई. आता थोडा टाइम लागेल."

उल्हासनगरला सिंधी कॅम्पात, दोन कापडदुकानांच्या मधे त्यांचा दवाखाना होता. मी तिथे पहिल्यांदा गेले ती शेजारच्या उज्ज्वलावहिनी आणि त्यांच्या चार वर्षांच्या समीक्षाला घेऊन. अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूच्या चाळीत आम्ही राहायचो. समीक्षा हट्टी आहे, हाक मारली तरी बघत नाही, असं बालवाडीच्या बाईंनी ठरवून टाकलं होतं. मी त्या वेळी युवक संघटनेची पत्रकं लिहायचे. चाळीत माझ्या मताला किंमत नव्हती, आवाजाला होती. म्हणून वहिनींनी मला सोबत नेलं.

लिमलेटच्या वेळी समीक्षा डाव्या बाजूला वळलीच नाही. डॉक्टरांनी बराच वेळ आत पाहिलं. म्हणाले, "पडदा चांगला आहे. पडद्याच्या मागे पांढरा मोती आहे. जन्मापासूनचा. वाढत जातो आणि कानातली हाडं खातो."

"पण हिचा कान कधी वाहिला नाही," वहिनी म्हणाल्या. "दुखलाही नाही."

"वाहिला असता तर तुम्ही लवकर आला असता."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. चाळीतल्या बायका बोलणार हे त्यांना आधीच दिसत होतं. आम्ही बौद्ध. आमच्या घरात ग्रहण पाळत नाहीत. पोटुशी असताना वहिनींनी ग्रहणात भाजी चिरली, हे चाळीत कुणी विसरलं नव्हतं. त्यांनी ते डॉक्टरांना भीत भीत सांगितलं.

"ग्रहण पाळणाऱ्यांची पोरं पण माझ्याकडे येतात, साईं," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही काही केलं नाही. घरी पण असंच सांगा. नाही ऐकलं तर त्यांना इकडे पाठवा, त्यांचे पण कान बघतो."

ऑपरेशन ते एका धर्मादाय रुग्णालयात करायचे, कारण आमच्या दोन्ही गावांत सरकारी दवाखान्यांना उद्घाटनाच्या कोनशिला होत्या, पण कानाच्या ऑपरेशनची दुर्बीण एकाही ठिकाणी नव्हती. हे मी पत्रकात अनेकदा लिहिलं आहे, इथेही लिहिते. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी बजावलं होतं, "काम दोनदा आहे. आता मोती काढणार. वर्षाने परत उघडून बघणार. मोहरीपेक्षा बारीक कण राहिला तरी तो पुन्हा वाढतो, आणि बाहेरून दिसत नाही."

पहिलं ऑपरेशन झालं. समीक्षा हळूच मारलेल्या हाकेलाही ओ देऊ लागली, गाणी म्हणू लागली, बालवाडीच्या बाईंना उलट उत्तरं देऊ लागली. आणि वर्षाने तिचे वडील मिलिंददादा अडून बसले. आनंदनगरच्या कारखान्यात पाळी करणारा शांत माणूस. म्हणाला, "बरी झालेली पोरगी मी परत टेबलावर झोपवू? तुझ्या डॉक्टरला धंदा करायचाय."

मी संतापून पत्रक काढलं. अडाणी पालक, मुलांचे गुन्हेगार, असला मजकूर. तारीख टळल्यावर डॉक्टरांना सांगायला गेले तेव्हा एक प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा चढवून ती शेवटपर्यंत वाचली.

"लीडर, मराठी झकास आहे तुझी," ते म्हणाले. "पण हे वाचून तो येणार काय?"

"मग काय करायचं?"

"जायचं. दुसरं काय करणार." त्यांनी स्टुलावर टाकलेले सुजलेले पाय खाली घेतले. "पहिल्या वेळी सगळे रडत येतात. दुसऱ्या वेळी मला त्यांच्या दारात जायला लागतं. थकलो मी. पण आतला कण थकत नाही ना."

रविवारी ते स्कूटरवरून चाळीत आले. चहा घेतला, कारखान्याच्या बोनसची चौकशी केली. मग मिलिंददादांना एवढंच सांगितलं, "एका बापाच्या दारात मी गेलो नव्हतो. बरी आहे म्हणाला, मी पण मानलं. ती पोरगी परत आली तेव्हा तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. कानातून चेहऱ्याची नस जाते, कण तिथपर्यंत पोचला होता."

मिलिंददादांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "आत काही असेलच, हे नक्की आहे का?"

"नाही. नक्की असतं तर मी चहा कशाला प्यायलो असतो? उचलून नेली असती."

दुसरं ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "साफ आहे. एक कणही नाही."

वहिनींनी डॉक्टरांना हात जोडले. मिलिंददादांचा मात्र तोल गेला. रुग्णालयाच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर. "म्हणजे काही नव्हतंच! उगाच कापलंत माझ्या पोरीला!" मी मधे पडायला गेले तर डॉक्टरांनी मला हातानेच थांबवलं. भिंतीला टेकून, टोपी मुठीत धरून ते सगळं ऐकत राहिले. मिलिंददादा दमल्यावर म्हणाले, "आता दर सहा महिन्यांनी दाखवायला आणायची. मोठी होईपर्यंत." आणि पुढच्या पेशंटसाठी आत गेले.

मिलिंददादा आणत राहिले. तोंड फुगवून, पण आणत राहिले.

डॉक्टर गेले ते हृदयविकाराने, दवाखान्यातच, दुपारी. अंत्ययात्रेला दुकानदार बरेच होते. कानांवर ऑपरेशन झालेली पोरं आणि त्यांचे आईबाप त्या मानाने थोडे होते. बरी झालेली माणसं कशाला येतील? मिलिंददादा पाळी बुडवून आले होते. स्मशानाबाहेर त्यांनी मला गाठलं.

"पुढच्या महिन्यात समीक्षाची तपासणी आहे," ते म्हणाले. "आता कान कोण बघणार?"

मी सरकार, नगरपालिका, आरोग्याचा हक्क असं बोलायला लागले. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"ते लिही तू. पण कोण बघणार, ते सांग."

बंद पडलेला एक टेम्पो कुणीतरी ढकलत होतं, रस्ता अडला होता. मी त्यांना म्हटलं, मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात शोधू, मी येते बरोबर. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या आठवड्यातली सुट्टी कोणत्या वारी आहे ते सांगितलं.