यादीतलं नाव

यंत्रमागांच्या या शहरात, बमरोलीच्या नाक्यावर आज एका हातगाडीवर सुकलेली मोहफुलं दिसली. गोड, जडसर, किंचित आंबूस वास. गिरण्यांच्या रंगाच्या वाफेतूनही तो वाट काढत आला आणि मला साथीतल्या टाळेबंदीच्या त्या उन्हाळ्यात घेऊन गेला. यंत्रमाग गप्प झाले होते. खडखडाटात वाढलेल्या आम्हाला ती शांतता दुखण्यासारखी वाटे. आमच्या गल्लीत गडचिरोलीकडची एक मावशी राहायची, मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. तिची म्हातारी आई आणि सहा वर्षांची लेक गावी. गावाभोवती चकमकी, मोबाइलचा टॉवर जाळलेला, रेशनचं दुकान नदीपलीकडे आणि तेही बंद. "माय एकलीच मोहा वेचत असंन," एवढंच ती म्हणे.

मी तेव्हा एका कामगार संघटनेची पत्रकं वाटणारी, 'नोंद करा, हक्क मिळवा' असं ठणकावणारी. गावी सोडणाऱ्या रेल्वेची यादी घेऊन दारोदार फिरत होते. मावशी हसली. "यादीत नाव टाकून कोनाचं पोट भरलं का वं?" मग तिनं एक नाव सांगितलं. मी लिहिलं. आधार कार्ड पाहिलं नाही. घाई होती, आणि माझा माझ्या यादीवर फार विश्वास होता.

स्टेशनच्या बसपाशी कार्डावरचं नाव निराळं निघालं. तिला परत पाठवलं. मी संतापले, तेही तिच्यावरच. "मावशी, खोटं नाव कशाला दिलंस?"

"आमच्याकडं कागदावर नाव चढलं का कोनीतरी घर इचारत येते. कधी वर्दीवाले, कधी जंगलातले. तू कोनाची, मले का मालूम?"

साथ सगळ्यांना सारखीच, असं तेव्हा भाषणांतून सांगत. थापा! ज्या घरांनी आधीच नाव लपवून जगायचं, त्यांना मदतीचा हातसुद्धा धरपकडीचा वाटतो. आणि हे आमच्या एकाही पत्रकात नव्हतं.

पुढची गाडी पंधरा दिवसांनी. या वेळी तिनं खरं नाव सांगितलं, एकेक अक्षर, दाराकडे बघत. "मी पोचली का कागद फाडजो."

महिन्याभरानं बाजाराच्या गावाहून तिचा फोन आला. ती पोचली त्याच्या चार दिवस आधी माय तापानं गेली होती. लेक शेजारणीकडे होती, आईला बघून लपली. मग तिनं विचारलं, "तो कागद फाडला नं?"

"फाडला," मी म्हणाले.

फाडला नाही. या एवढ्या शहरात ती राहिली, राबली, याची तेवढी एकच नोंद आहे.