वन्संचं माहेरपण आणि माझ्या कुरडया

लेकरांनो, यंदा कुरडया का पाठवल्या नाहीत, असं तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी "ऊन फार आहे" म्हणून वेळ मारून नेली. खरं कारण राग ताजा आहे तोवरच लिहून टाकते. नंतर मी नेहमीसारखी सभ्य होईन.

हट्टा गावच्या आत्याआजी, म्हणजे माझ्या नणंद, दर उन्हाळ्यात हिंगोलीला येताना डबाभर कुरडया आणतात. "अगदी मायच्या हातची चव," असं तुमचे आजोबा डोळे मिटून म्हणतात. यंदा त्यांच्या थोरल्या जाऊबाई वारल्या, म्हणून त्यांच्या घरात वाळवण झालं नाही. मग मी म्हटलं, आपल्याकडेच करू. सासूबाईंची कुरडई एकदा नीट शिकून घेतली, तर ती तुमच्यापर्यंत पोचेल. फोनवर वन्सं म्हणाल्या, "करू की!"

मी गहू भिजवले, रोज पाणी बदललं, वाटून गाळून चीक रात्रभर निवळत ठेवला. रविवारी सकाळी वरचं पाणी ओतून वन्संना हाक मारली. त्या कूलरसमोर बाजेवर आडव्या होत्या. त्या हलण्याआधीच आजोबा मध्ये पडले.

"न्हाई, न्हाई. माहेरपणाला आलीस. चुलीकडं फिरकायचं न्हाई."

"बघा वहिनी, दादा उठूच देऊन न्हाई राहिला." वन्संनी कूस बदलली.

"मग सांगा तरी. पाणी किती ठेवू?"

"लागंल तेवढं."

"म्हणजे किती?"

"वहिनी कालेजात शिकल्या न् पाणी मोजून राहिल्या!" बहीणभाऊ दोघंही हसले.

थांबायची सोय नव्हती. या उन्हात चीक दुपारपर्यंत आंबून जातो. मी मीठ-हिंग घालून पाणी उकळलं, चीक ओतला. बाजेवरून हुकूम येत होते. "हलवा. आता आच वाढवा. अजून वाढवा." मी वाढवली. पातेल्यात गुठळ्याच गुठळ्या! सोऱ्याची भोकं बुजली, मूठ फिरेना.

मी पातेलं उचलून बाजेसमोर आदळलं. "काहून असं झालं, सांगा आता."

वन्संनी बोटानं चीक चाखला. "मला काय ठावं? मी कवा केल्यात? हितं मायनं हात लावू दिला न्हाई, तिकडं जाऊबाईच करायच्या."

"मग दरवर्षीचा डबा?"

"त्यांचाच."

"इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"दादा इतकं डोळे मिटून खायचा. कशाला मोडता घालू?"

आजोबांना एकदम वर्तमानपत्रात फार महत्त्वाचं काहीतरी सापडलं. त्याच्या आडूनच ते म्हणाले, "चीक वाया घालू नका." वन्संनी वाटीभर चीक दूध-साखर घालून मागून घेतला. वर म्हणाल्या, "चव बराबर हाय."

उरलेल्या चिकाच्या मी गच्चीवर, प्लॅस्टिकच्या कागदावर, पळीनं पापड्या घातल्या. खाली आले तेव्हा बहीणभाऊ कूलरसमोर घोरत होते.

सासूबाईंची कुरडई आता आपल्या घरात कुणालाच येत नाही. त्यांचा पितळी सोऱ्या आहे, आणि त्या रविवारच्या डबाभर पापड्या आहेत.