दोन फोन आणि राडुनाचा सूर

क्रेमेन गावात राडुनाचा आवाज प्रत्येकाने ऐकला आहे, पण ऐकला असं सांगणारा माणूस तुम्हाला भेटणार नाही. गाण्याचं विचारा, तर म्हणतील, "वेनेताचं ऐकलंय. काय गळा दिलाय देवाने!" आणि राडुना? "ती असते की बाजूला उभी."

आमच्या डोंगराखालच्या गावांत गाणं एकटीचं नसतं. एक बाई हाक देते. तिचा सूर वर चढतो, थरथरतो, वळणं घेतो आणि शब्दही बहुतेक तिच्याच तोंडी असतात. बाकीच्या दोघी खाली एकच सूर धरून राहतात. त्यांनी हलायचं नाही, वळायचं नाही. एकीने श्वास घेतला की दुसरीने ओढायचं, म्हणजे मधे भेग पडत नाही. हाक देणारीचा सूर या धरलेल्या सुराच्या इतका जवळून जातो की दोन्ही एकमेकांवर घासतात, आणि लांब कुठेतरी घंटा हलल्यासारखी हवा वाजायला लागते. लोक येतात ते त्या घंटेसाठी. पण टाळ्या वाजवताना बघतात मात्र हाक देणारीकडे.

राडुना बाविसाव्या वर्षी क्रेमेनची सून झाली तेव्हा हाक तिची होती. वरच्या गावची, मेंढ्यांमागे दरीपलीकडे ओरडत वाढलेली पोर. पाच वर्षं तिने गावातल्या बायकांना आपल्यामागे ओढत नेलं. मग धाकट्या दिराने लग्न केलं आणि वेनेता घरात आली. बारीक कंबर, दोन्ही गालांना खळ्या, आणि गळा असा की पाणी भरणाऱ्या बायकांनी बादल्या खाली ठेवाव्यात. त्या वसंतात, संत गेओर्गीच्या सणाला, कोकरं भट्टीत गेलेली असताना गटातली म्हातारी गेना म्हणाली, "आज धाकटीला देऊ दे हाक. राडुना, तू धर. तुझ्यासारखं धरणारं कुणी नाही."

एका दिवसासाठी होतं ते. त्या दिवसाला आता एकेचाळीस वर्षं झाली.

राडुनाने हाक परत मागितली नाही. दूध संघात कॅन मोजले, एक मुलगी वाढवली, तिला समुद्राकाठच्या गावी दिली, सासू-सासऱ्यांचं केलं. पण दोन भावांच्या दोन घरांमधे एकच कुंपण, आणि त्या कुंपणापलीकडे जे जे झालं ते तिच्या डोळ्यांत खुपत गेलं. वेनेताचे टोमॅटो आठ दिवस आधी लाल होत. वेनेताचा नवरा लग्नाकार्यात लोकांना हसवी, आणि राडुनाचा मेतोदी मुका नाही एवढंच. वेनेताचे केस साठीला आले तरी काळे, आणि ते रंगवलेले आहेत हे राडुनाने अर्ध्या गावाला सांगूनसुद्धा लोक म्हणत, "पण शोभतात हो." जाऊ तिला "ताई" म्हणे, आणि तो "ताई" इतका गोड असे की राडुनाच्या अंगाचा तिळपापड होई. निदान वाईट तरी असायचं होतं मेलीने.

यंदा सप्टेंबरात निरोप आला. डोंगरावरच्या मोठ्या मेळाव्याला जायचं तर आधी गाण्याची ध्वनिफीत पाठवायची, ऐकून मग निवड करणार. गटात पूर्वी आठ बायका होत्या. आता तीन उरल्या: वेनेता, राडुना, आणि कानाने मंद झालेली लोझेना. गावच्या वाचनालयाचा चिटणीस ग्रोझदान याने गटासाठी एका फोनची मंजुरी मिळवली. वेनेताचा मुलगा प्लामेन राजधानीत, सोफियाला, फोनच्या दुकानात कामाला. तो शनिवारी दोन फोन घेऊन आला, एक काळा, एक पांढरा.

"दोन कंपन्यांचे आहेत," त्याने सांगितलं. "शहरात यावरून लोक भांडतात. एकाचे भक्त दुसऱ्याला हातात धरत नाहीत. तुम्ही दोन्ही वापरून बघा. सोमवारी एक मी परत नेणार."

वाचनालयाच्या सभागृहात टेबलावर दोन्ही ठेवले. वेनेताने आधी पांढरा उचलला, स्वतःचा फोटो काढला आणि खुदकन हसली.

"अगंबाई! ताई, बघ तरी! यात मी पन्नाशीची दिसते."

"त्याला डोळ्यांनी कमी दिसत असेल," राडुना म्हणाली.

ग्रोझदानला हसू आवरेना. वेनेताही हसली, हेच तर तिचं वाईट होतं. "मला पांढरा आवडला," ती म्हणाली.

झालं. राडुनाने अजून कुठल्याच फोनला बोट लावलं नव्हतं, पण आता तिला पांढरा नको होता.

"मला काळा," तिने सांगितलं.

"का, काकू?" प्लामेनने विचारलं.

"जड आहे. हातात काहीतरी घेतल्यासारखं वाटतं. तो पांढरा साबणाच्या वडीसारखा आहे."

मग गाणं झालं. दोन्ही फोन पुस्तकांच्या चळतीवर शेजारी शेजारी उभे केले. कापणीचं गाणं, सहा ओळींचं. वेनेताने मान किंचित मागे टाकली आणि हाक दिली. राडुनाने लोझेनाच्या दंडाला दंड लावला, पाय रोवले आणि सूर धरला. फोनांनी आपापल्या पोटात घेतलं. रविवारी चर्च सुटल्यावर सगळ्यांनी मिळून ऐकायचं आणि हात वर करून फोन ठरवायचा, असं ग्रोझदानने जाहीर केलं. मतं चार: तिघी गाणाऱ्या आणि तो.

त्या संध्याकाळी राडुना स्वस्थ बसली नाही. भाजून सोललेल्या जाड लाल मिरच्यांची एक बरणी घेऊन लोझेनाकडे गेली.

"उद्या काळ्याला हात वर कर," ती तिच्या कानाशी ओरडली.

"कशाला? काय वाईट आहे पांढऱ्यात?"

"वेनेताला पाहिजे तो."

लोझेनाने बरणीचं झाकण उघडून वास घेतला. "तुमचं दोघींचं मी मेले तरी मिटणार नाही बघ. बरं, काळा तर काळा."

परत येताना तिने ग्रोझदानला गाठलं आणि काळा कसा भारदस्त आहे ते ऐकवलं. त्याला बिचाऱ्याला कुठलाही चालणार होता. रात्री तिला गाढ झोप लागली. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा वेनेताला हवं ते वेनेताला मिळणार नव्हतं.

रविवारी सभागृहात चाळीसेक माणसं जमली. प्लामेनने फोन एका छोट्या स्पीकरला जोडला. आधी पांढरा लावला. त्यात गाणं होतं, आणि गाण्याबरोबर सगळं क्रेमेन होतं: बाहेर भुंकलेला कुत्रा, दाराची करकर, खिडकीवर आपटणारी गांधीलमाशी, मधेच कुणाचा तरी खोकला.

"कचरा फार आलाय," ग्रोझदान तोंड वाकडं करून म्हणाला.

मग काळा लावला. कुत्रा नाही, दार नाही, माशी नाही. धुतलेल्या काचेपलीकडे उभी असावी तशी वेनेता, एकटी. तिच्या गळ्यातली बारीकशी थरथरसुद्धा ऐकू येत होती. गाणं संपलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"वा! काच आहे काच!"

"हेच पाठवा! आमची वेनेता सगळ्यांना घरी बसवेल!"

राडुना पहिल्या ओळीपासून वाट बघत होती. आता येईल, दुसऱ्या ओळीला येईल, खालून येईल. सहा ओळी संपल्या. तिचा सूर आला नाही. तिने शेजारी पाहिलं. लोझेना हसऱ्या चेहऱ्याने टाळ्या वाजवत होती. तिला ऐकूच आलं नव्हतं. पण बाकीच्या चाळीस जणांचे कान धडधाकट होते. त्यातल्या एकालाही काही कमी आहे असं वाटलं नव्हतं. राडुनाने खुर्चीची कड घट्ट धरली. जावेने तिची हाक नेली होती, ते तिने गिळलं होतं. पण खालची जमीन तरी आपली आहे, आपण नसलो तर लोक दचकतील, या एका समजुतीवर तिने एवढी वर्षं काढली होती. आणि तिला पुसून टाकणारा फोन तिने स्वतः, मिरच्यांची लाच देऊन, निवडला होता.

"थांब," वेनेताचा आवाज आला. "प्लामेन, पुन्हा लाव. यात ताई कुठे आहे?"

टाळ्या विरल्या. प्लामेनने पुन्हा लावलं. कान लावून ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला.

"आई, हा फोन जरा जास्तच हुशार आहे. मागे पंखा असला, फ्रीज असला, ट्रॅक्टर असला, असा एकसारखा घुमणारा आवाज आला की हा तो काढून टाकतो. बोलणाऱ्या माणसाचा तेवढा ठेवतो."

"म्हणजे मी ट्रॅक्टर?" राडुना म्हणाली.

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"तसं नाही, काकू. तुम्ही इतकं सरळ धरलंय, जरासुद्धा न हलता, की त्याला वाटलं हे यंत्रच आहे."

"मग ते बंद कर ना."

"दुकानातही शोधून पाहिलंय. या फोनात ते बंद होत नाही."

"चौथी ओळ ऐका," वेनेता म्हणाली. तिच्या गालांवरच्या खळ्या गेल्या होत्या. "मी उतरतेय. ऐका, ऐका! चाचपडत उतरतेय, अंधारात जिना उतरावा तशी. हे मला कधी कळलंच नाही."

राडुनाला कळलं होतं. मघाशीच, पहिल्यांदा वाजलं तेव्हाच. चौथ्या ओळीला वेनेता दरवेळी खाली सरकते, आणि राडुना आपला सूर एक केसभर वर ढकलून तिला उचलून धरते, हे तिला वर्षानुवर्षं ठाऊक होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर वेनेता सुधारली असती.

आता तिच्यापुढे ताट वाढून ठेवलं होतं. ग्रोझदानला काळा हवा. लोझेनाने शब्द दिला आहे. राडुनाने नुसता हात वर केला की काळ्यातलं गाणं जाणार, आणि निवड करणारी कानसेन मंडळी चौथ्या ओळीला एकमेकांकडे बघणार. चांगलं गोड होतं ते ताट. तिने मनातल्या मनात एक घास घेऊनही पाहिला. पण घास उतरेना. कारण वेनेता तिथे पडली तरी लोक वेनेताच्याच पडण्याकडे बघणार होते. बिचारी, गळा चांगला आहे, असं तिच्याचबद्दल बोलणार होते. धरायला कुणी नव्हतं, असं कुणाच्या डोक्यातही येणार नव्हतं. राडुना पडलेलीसुद्धा दिसणार नव्हती.

"चला, मतं घेऊ," ग्रोझदान म्हणाला. "मला विचाराल तर काळाच. थोडंफार इकडेतिकडे कुणाला कळतंय? काळा कुणाकुणाला?" त्याने हात वर केला. लोझेनाने इकडेतिकडे पाहिलं आणि तिनेही केला.

"पांढरा?"

वेनेताने हात वर केला. मग सगळे राडुनाकडे बघू लागले. लोक आपल्याकडे बघताहेत ही गोष्ट तिला इतकी नवी होती की ती क्षणभर विसरलीच कशासाठी ते.

"पांढरा," ती म्हणाली.

"अहो, काल संध्याकाळी मला रस्त्यात अडवून..."

"काल काल होतं."

"म्हणजे वेनेताचं बरोबर म्हणता?"

ग्रोझदान काही टोमणा मारत नव्हता. त्याला वहीत लिहायचं होतं, म्हणून सरळ विचारलं होतं. पण वेनेताचं बरोबर, हे राडुनाला चारचौघांत म्हणायचं होतं. तिने खिडकीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं.

"वेनेताचं बरोबर," ती शेवटी म्हणाली. "यावेळी."

"काय म्हणाली?" लोझेनाने शेजाऱ्याला विचारलं.

"पांढरा म्हणाली!"

"मग माझाही पांढरा," लोझेनाने हात खाली घेऊन पुन्हा वर केला. "मी कुठे काही ऐकलंय?"

पुन्हा गायल्या त्या, खिडक्या लावून, कुत्र्याला कुणीतरी बाहेर धरून ठेवलेलं असताना. चौथ्या ओळीला राडुनाने केसभर वर ढकललं, आणि वेनेताने डोळे तिच्याकडे वळवले. राडुना समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. ऐकून झाल्यावर प्लामेनने गाणं तिथूनच पाठवून दिलं. त्यात घंटा होती.

घरी जाताना तिने एक वाक्य तयार केलं. नवरा विचारणार, कुठला घेतला. ती म्हणणार, पांढरा. तो विचारणार, कुणी ठरवलं. ती म्हणणार, मी. त्यात खोटं काही नव्हतं. पण वेनेताच्या आधी ते त्याच्या कानावर पडायला हवं होतं, म्हणून ती नेहमीची वाट सोडून ओढ्याकाठच्या जवळच्या वाटेने निघाली, जवळजवळ पळतच.

मेतोदी अंगणात भाजलेल्या मिरच्या सोलत बसला होता. सालं कमी निघाली होती, बोटं जास्त काळी झाली होती.

"पांढरा घेतलात म्हणे," तो म्हणाला.

राडुना थबकली. "कुणी सांगितलं?"

"वेनेताने. आत्ताच प्लामेनच्या गाडीतून आली, कुंपणावरून सांगून गेली. म्हणाली, ताईने निवडला. म्हणाली, ताई नसती तर आज माझी फजितीच होती." त्याने एक मिरची उजेडात धरून पाहिली. एवढं लांब तो महिन्याभरात बोलला नव्हता. "चांगली आहे गं ती."

राडुना उभीच राहिली. कुंपणापलीकडून ताट-वाट्यांचा आवाज येत होता, आणि वेनेता कुणाशी तरी हसत होती. एवढं एक वाक्य होतं आपलं स्वतःचं. तेसुद्धा ती आधी येऊन, वर साखर पेरून, देऊन गेली होती.

"सरक," ती नवऱ्याला म्हणाली. तिने बाही वर केली आणि त्याच्या हातातली मिरची ओढून घेतली. "बिया ठेवल्यास सगळ्या आत. तुला एक काम धड जमेल तर शपथ."