दाभणाने ओवलेली फ्लॉपी

दोरा आणि लाख यांच्यापुढे टिकेल असा गुन्हा ब्रह्मदेवाने निर्माणच केलेला नाही, अशी वर्तकनगरातल्या आमच्या शेजारच्या फौजदारांची श्रद्धा होती. घरातही तोच खाक्या. लोणच्याच्या बरणीला सुतळी, तिच्यावर लाख, लाखेवर शिक्का. काकूंना फोड हवी असली की आधी दोन पंच बोलवायचे. मी कितीदा तरी हातात पोळी घेऊन पंच म्हणून उभा राहिलोय.

मग कंप्युटर आले, आणि पाठोपाठ त्यांचे गुन्हे. ठाण्यातल्या एका ऑफिसातली सगळी बिलं एका सकाळी व्हायरसने खाल्ली. साहेबांनी तक्रार ठोकली ती ऑपरेटर मुलीवर. कोळीवाड्यातली पोर, घरातली पहिली नोकरदार. "साहेबांच्या मेव्हण्याने गेमची फ्लॉपी लावलेली, तिच्यातून आला तो," असं रडत सांगत होती. फ्लॉपी साहेबांच्या खणातच सापडली. तपासली की पोर सुटणार होती. मी कंप्युटर क्लास चालवायचो, म्हणून पंच म्हणून मलाच धरून नेलेलं. सही करायला मी पेन शोधतोय, तेवढ्यात फौजदारांनी दाभण काढून फ्लॉपीला आरपार भोक पाडलं, दोरा ओवला आणि वर कढत लाख ओतली. मी ओरडलो, "अहो, काय केलंत हे? मेली ती."

"आता कुणाच्या बापाला गाठ सुटायची नाही," ते समाधानाने म्हणाले. सगळा मजकूर आतल्या त्या चकतीवरच असतो, हे मी त्यांना सांगितलं. "म्हणजे पोरीचा पुरावा मीच मारला?" म्हणत ते नखाने लाख खरवडायला लागले.

कोर्टात या माणसाने मला पुन्हा हादरवलं. वरिष्ठांनी तोंड बंद ठेवायला बजावलेलं असताना पिंजऱ्यात उभे राहून म्हणाले, "पुरावा माझ्या हाताने गेला साहेब. पोरीविरुद्ध माझ्याकडे काही नाही." पोर सुटली, यांची बढती गेली. बाहेर ती त्यांच्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, "सुटले काका. पण मी केलं नव्हतं, हे आता कुणाला दाखवू?"

 रिटायर झाल्यावर फौजदार खोपटच्या डेपोत जाऊन बसायचे आणि एसटीची वाट बघणाऱ्या कुणालाही सांगायचे, "एक कोळ्यांची पोर होती. तिने काही केलं नव्हतं बरं का." लोक म्हातारा चळला म्हणून सरकून बसायचे. आता ते नाहीत. परवा डेपोत माझ्या शेजारी एक अनोळखी गृहस्थ येऊन बसले. मी त्यांच्याकडे सरकलो, आणि त्यांना सांगून टाकलं.