जोड पास, बोट पास

सकाळी साडेदहा. हिंगोलीजवळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजचं वर्कशॉप. फ्रिक्शन स्टर वेल्डिंगच्या नव्या मशीनचं उद्घाटन.

आमच्या धंद्यात बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, किस्से मात्र साचत राहतात. या एका वर्कशॉपचे इतके साचलेत की आता सांगताना हसू येत नाही.

वेल्डिंग आहे म्हणून पाहुण्यांना काळे चष्मे वाटले होते. फिरती पोलादी खुंटी ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांच्या फटीत शिरली आणि संथ पुढे सरकत गेली. ना ठिणगी, ना धूर. पाहुणे चष्म्यातल्या अंधारात उभे! शेवटी प्रमुख पाहुण्यांनी विचारलं, "सुरू कधी करता मग?"

"झालं बी, साहेब!" मशीनवरचा पोरगा म्हणाला.

टाळ्या पडल्या.

*

तिथं धातुशास्त्र शिकवणाऱ्या शबाना मॅडमनी मला समजावलं. "यात धातू वितळत नाही. घासून मऊ होतो, कणकेसारखा मळला जातो. मळलेल्या जागी कण बारीक होतात, जोड चांगला बसतो."

"मग तकलीफ कुठंय?"

"जोडाच्या शेजारी. हा पत्रा कारखान्यात तापवून, मुरवून कडक केलेला असतो. वेल्डिंगची उष्णता लागली की शेजारचा पट्टा नरम पडतो."

"दिसतं का ते?"

"दिसलं असतं तर भांडले कशाला असते?"

*

भांडण बोटींवरून होतं. कॉलेज पुराच्या नदीसाठी दोन बोटी बनवत होतं. एक नदीकाठी शेळ्या राखणाऱ्या जयराम राठोडच्या तांड्याला. दुसरी खालच्या गावाला, जिथली लेकरं नदी ओलांडून शाळेत जातात.

खुंटी बाहेर काढली की जोडाच्या टोकाला भोक राहतंच. म्हणून टोकाला जादा तुकडा लावतात, भोक त्यात संपवतात आणि तो तुकडा कापून टाकतात. इथं पत्रा वाचवला. भोकं दोन्ही बोटींच्या नाकावरच राहिली. प्राचार्यांनी त्यात पुट्टी भरली, वर निळा रंग दिला आणि बरोबर त्याच जागी कुंकवाचं स्वस्तिक काढलं!

*

मग चाचणी. जोडलेल्या पत्र्याची एक पट्टी यंत्रात ओढली. हवा तेवढा ताण येण्याआधीच ती तुटली. जोडात नाही, करंगळीएवढ्या अंतरावर.

प्राचार्य खूश! "बघा, जोड तुटला नाही. जोड पास!"

"सर, पत्रा तुटलाय."

"पत्रा आपण बनवला का, मॅडम? तो कंपनीचा!"

"नरम आपण केला. जाड पत्रा घ्या, नाहीतर बोट पुन्हा भट्टीत मुरवा."

"एवढी भट्टी हिंगोलीत कुठून आणू? बोटींचं उद्घाटन ठरलंय!"

बोटींना हार चढले.

*

पहिल्याच पावसाळ्यात जयराम दोन शेळ्या घेऊन बोटीतून निघाला. पुढचं त्याच्याच तोंडून: "पाय ओले काहून होऊन राहिले म्हणून खाली पाहिलं, तं पत्रा उकललेला!" तो पोहून काठाला लागला. शेळ्या गेल्या.

पाणी उतरल्यावर प्राचार्य पाहायला आले. चीर जोडाला समांतर, करंगळीएवढी बाजूला. त्यांनी जोडावरून हात फिरवला. "जोड बराबर आहे."

"व्हय साहेब," जयराम म्हणाला, "जोड शाबूत हाय. बोटच तेवढी गेली!"

*

मी कॉलेजात विचारलं. "बोट सरकारी कचेरीनं पाहून ताब्यात घेतली." कचेरीत विचारलं. "कॉलेजनं पास केलेली आहे." मॅडम दोन्हीकडे माझ्यादेखत बोलल्या, "दुसरी आधी पाण्याबाहेर काढा. पत्रा तोच, मशीन तेच." कचेरीतल्या साहेबांनी चहा मागवला.

आज सकाळी सात वाजता मी खालच्या गावाच्या घाटावर होतो. नदी गढूळ, भरलेली. दुसरी बोट लेकरं घेऊन सुटली. मी हाका मारल्या, नावाड्यानं हात हलवला.

नाकाशी बसलेली पोरगी नखानं निळा रंग खरवडत होती.

"ए बाई, काय करून राहिली?" मी ओरडलो.

"काका," ती हसत ओरडली, "हितं भोक हाय!"

बोट तोवर मधल्या धारेला लागली होती.