गळा मोकळा ठेवला आणि फसले

आता हसायचं नाही हं! चाळिशीला आलेली मी, फ्रिज-एसी दुरुस्तीचा कोर्स शिकायला निघाले आणि पहिल्याच दिवशी अख्ख्या कॉलेजसमोर माझी शोभा झाली.

अॅडमिशन मिळाली होती, पण फीचं जमत नव्हतं. आमचे हे रिक्षा चालवतात, त्यात पोरगी बारावीला. म्हणून मदतीसाठी अर्ज केलेला. एक दिवस फोन आला. मी नेमकी भर बाजारात. हॉर्नच्या गोंगाटात एवढंच ऐकू आलं, ‘मदत... कमिटी... मंगळवारी या.’

शेजारच्या पद्माक्कानं लगेच सल्ला दिला, “अय्यो, अशी नटून जाशील तर कोण देणार मदत? गरीब दिसायला पायजे!”

तिनंच पोछ्याला काढलेली साडी दिली. सोनं दिसू नये म्हणून मंगळसूत्र काढून ठेवलं. कुंकू तेवढं लावलेलं, ते सोलापूरच्या उन्हात कॉलेजला पोचेपर्यंत घामानं पुसून गेलं. मला काय पत्ता?

आत एक मॅडम बसलेल्या. माझ्या गळ्याकडं बघितलं, कपाळाकडं बघितलं, आणि एकदम हळू आवाजात म्हणाल्या, “कधी झालं हो हे?”

मला वाटलं, शिक्षण कधी सुटलं ते विचारतायत.

“लई वर्षं झाली मॅडम. बारावीतच.”

“अगं बाई! इतक्या लहान वयात?” त्यांनी डोळ्याला रुमाल लावला. “मग पुन्हा विचार नाही केलात?”

“आत्ता केला की! सासूनंच ढकललं. म्हणाली, लोकांचं ऐकू नको, कर बिनधास्त.”

“धन्य ती सासू!”

मी मनात म्हटलं, पद्माक्काची युक्ती चालली बघा!

तेवढ्यात आमचे हे दारात. माझा फोन घरी राहिलेला, तो द्यायला आलेले. मॅडम उठूनच उभ्या राहिल्या. “हेच का ते?”

“व्हय, हेच.”

“तुमचं मन फार मोठं आहे हो! मग लग्न कधी?”

“कुणाचं?” ह्यांनी विचारलं.

“तुमचं! यांच्याशी!”

“झालं की! पोरगी बारावीला हाय आमची!” मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. “आणि ए, मंगळसूत्र कुटं गेलं तुझं? जिवंत हाय की मी अजून!”

मी मान खाली घालून सगळं सांगितलं. मॅडम एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की टेबलावरचं पाणी सांडलं.

“अहो बाई, तुमची फी मंजूर झालीय! आज फोटोसाठी बोलावलंय सगळ्यांना.”

बाहेर बघते तर काय! मदत मिळालेल्या बाकीच्या बाया इस्त्रीच्या साड्या नेसून, गजरे माळून रांगेत उभ्या! फोटोवाला वाट बघतोय. साडी बदलायला वेळ कुठला? तशीच उभी राहिले.

तो फोटो मोठा करून कॉलेजच्या दारात लावलाय. परवा नवीन अॅडमिशनसाठी आलेली एक बाई त्याच्यासमोर थांबली. मी शेजारीच, चांगली साडी नेसून, हातात पाना घेऊन उभी. फोटोतल्या माझ्यावर बोट ठेवून ती मलाच विचारते,

“बिचारी! ही जगली का हो पुढं?”